निरवशेष आणि अवशेष

नाणे नखाएवढे आहे. चांदीचे, वजनाला दोन ग्रॅमच्या आसपास. भिंग धरले की आधी दिसतो तीन कमानींचा डोंगर, त्याखाली पाण्याची नागमोडी रेघ आणि कडेने ब्राह्मी अक्षरे : हे नाणे राजा गौतमीपुत्र श्रीसातकर्णीचे. नजर थोडी स्थिरावली की डोंगरामागून दुसरेच काही वर येऊ लागते. आधी नाक. मग ओठ, हनुवटी, केसांची एखादी बट. हा चेहरा क्षहरात कुळातल्या नहपानाचा. सातवाहन कुळातल्या गौतमीपुत्राने त्याचा पराभव केला, त्याची नाणी गोळा करवली आणि त्यांवर आपला छाप मारला. नाणी वितळवली मात्र नाहीत. ठसा मारणाऱ्याचा हात घाईत होता, म्हणून जुना राजा नव्या राजाच्या डोंगराआडून अजून डोकावतो.

नाशिक जिल्ह्यात जोगलथेंबी येथे १९०६ साली अशा नाण्यांचा मोठा साठा मिळाला. सुमारे १३,२५० नाणी. त्यांतली ९,२७० च्या आसपास गौतमीपुत्राने पुन्हा छापलेली, उरलेली नहपानाच्या मूळ छापाची. दख्खनच्या प्राचीन इतिहासाला कलाटणी देणारे जे मोजके शोध झाले, त्यांत मी हा फार वरचा मानतो. दोन राजांचा काळ एकमेकांना भिडला होता की नाही, या वादाचे उत्तर एका मडक्यातल्या चिल्लरीने दिले.

आता नाशिकच्याच त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे आपल्या पांडवलेण्यांत, क्रमांक ३ च्या लेण्यात जाऊ. ओसरीच्या भिंतीवर गौतमीपुत्राच्या आईने, गौतमी बलश्रीने, आपल्या मृत मुलाचे वर्णन कोरून ठेवले आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षीचा हा लेख. स्वतःची ओळख ती महाराजाची माता आणि महाराजाची पितामही अशी देते. मुलाच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यालेले आहे, तो एकमेव ब्राह्मण आहे, सातवाहन कुळाचे यश त्याने पुन्हा प्रस्थापित केले आहे. आणि एक विशेषण असे : क्षहरातांचा वंश निरवशेष करणारा.

निरवशेष. मागे काहीही न उरलेला. आईच्या तोंडी हा शब्द शोभतो, आणि वंशापुरता तो खराही आहे. नहपानाच्या कुळातला राजा पुढे आढळत नाही. पण त्याच गोदेच्या खोऱ्यात त्याच राजाचे नाक हजारो नाण्यांवर शाबूत राहिले. माणसे निरवशेष झाली, वस्तूंचा अवशेष उरला. आणि तो नुसता उरला नाही. जिंकणाऱ्याने राज्य कसे करायचे, हे त्या अवशेषाने बऱ्याच अंशी ठरवले. हे पुस्तक या एका गोष्टीविषयी आहे.

शाळेपासून आपण इतिहास राजांच्या क्रमाने शिकलो. आधी राजा, मग त्याची लढाई, मग त्याचे राज्य. आणि धड्याच्या कडेला चौकटीत त्याच्या नाण्याचे किंवा लेण्याचे चित्र. या मांडणीत सत्ता आधीच तयार असते, आणि दगड, धातू, विटा नंतर येऊन तिची शोभा वाढवतात. मला अनेक वर्षे तसेच वाटत होते. घाटांतून, लेण्यांतून, संग्रहालयांच्या मागच्या खोल्यांतून हिंडताना हे उलटत गेले. डोंगरात कोरलेला रस्ता, बाजारात चालणारे नाणे, विहारातली खोली, नदीवरची नाव, लाकडी फळीवरची नोंद यांना वगळले तर सातवाहन सत्ता म्हणून हातात काय राहते? एक नाव आणि काही विशेषणे. म्हणून पुढील प्रकरणे राजांच्या नव्हे, वस्तूंच्या क्रमाने लावली आहेत.

पहिला प्रश्न नाण्याचाच. गौतमीपुत्राने नहपानाचे नाणे का वितळवले नाही?

सोय हे एक कारण आहेच. भट्टी, मूस, चांदीची घट, नव्या चकत्या कापणे हा सगळा उद्योग टळतो. पण खरे कारण बाजारात शोधावे लागते. सातवाहनांची स्वतःची नेहमीची नाणी शिशाची, तांब्याची आणि पोटीन नावाच्या मिश्रधातूची. रोजच्या व्यवहाराला ती पुरत. समुद्रापलीकडच्या व्यापाराशी, श्रेणींच्या म्हणजे कारागीर-संघांच्या ठेवींशी, मोठ्या दानांशी जोडलेले चलन होते नहपानाची चांदी. ते वजन लोकांच्या हाताला ठाऊक होते. आणि ते वजन नहपानाचेही नव्हे. वायव्येकडच्या ग्रीक राजांच्या अर्ध्या द्रम्माशी ते जुळते. भडोचच्या बंदरात अपोलोडोटस आणि मिनँडर यांचे जुने द्रम्म अजून फिरतात, असे 'पेरिप्लस' लिहिणाऱ्या ग्रीक व्यापाऱ्याने नमूद केले आहे. नहपानाने चेहरा कोरण्याची रीत तिथून घेतली, कडेला ग्रीक अक्षरेही ठेवली, आणि मागच्या बाजूला बाण, वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी. गौतमीपुत्राच्या हाती आले ते असे पिढ्यान्‌पिढ्यांच्या विश्वासाचे नाणे. ते मोडणे म्हणजे तो विश्वास मोडणे. त्याने शहाणपणाने वरचा ठसा तेवढा बदलला. छाप राजाचा, वजन बाजाराचे.

हा विश्वास कसा काम करी, हे बघायला त्याच डोंगरावर क्रमांक १० च्या लेण्यात जावे लागते. हे नहपानाचा जावई उषवदात याचे लेणे. त्याच्या लेखांनी माझा जितका वेळ खाल्ला तितका दुसऱ्या कोणत्या मजकुराने खाल्ला नसेल, आणि तो सार्थकी लागला. ४२ व्या वर्षी त्याने ३,००० कार्षापण नाण्यांची कायमची ठेव, 'अक्षयनीवी', गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दराने. १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण दराने. मूळ लेखात शब्दच 'पायून' असा आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कातळावर आपला 'पाऊण' वाचताना अंगावर शहारा येतो. व्याजाला तिथे 'वढि' म्हटले आहे. वाढी-दिढीने धान्य घेणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना तो शब्द परका वाटला नसता.

हिशेब करून पाहावा. २,००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे वर्षाला २४०. लेख सांगतो, पावसाळ्यात या लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. वीस बारे दोनशे चाळीस. आकडा तंतोतंत बसतो. दुसऱ्या श्रेणीकडच्या १,००० चे व्याज, वर्षाला ९०, 'कुशाणमूल' नावाच्या खर्चासाठी. मुद्दलाला हात लावायचा नाही, हेही स्पष्ट. हे सारे निगमसभेत वाचून दाखवले आणि फळ्यांवर नोंदवले, असे लेख म्हणतो. त्या लाकडी फळ्या कधीच गेल्या. दगडावरची नक्कल राहिली.

राजाच्या जावयाचा पैसा विणकरांच्या मागांवर फिरतो आहे, त्या व्याजातून भिक्षूचे वस्त्र निघते आहे, वस्त्र अंगावर आहे तोवर दात्याचे नाव घेतले जात आहे. सत्तेचा असा धागा तलवारीने तुटत नाही. उद्या राजा बदलला तरी श्रेणीला ठेव परत कुणाला करायची नाही, आणि भिक्षूंचा पावसाळा दर वर्षी यायचाच आहे. हा व्यवहार ज्या कार्षापणांत मोजला ते, त्याच लेखाप्रमाणे, एका सुवर्णाला ३५ या भावाचे. देव-ब्राह्मणांना दिलेल्या ७०,००० कार्षापणांचे २,००० सुवर्ण होतात, असा खुलासाही कोरला आहे. विजेत्याने हे नाणे वितळवून नव्या वजनाचे काढले असते तर विणकर, भिक्षू, सावकार, सगळ्यांचे हिशेब एका रात्रीत उसवले असते.

उषवदाताच्या दानांची यादी लांबलचक आहे. तीन लाख गायी, सोळा गावे ही मोठमोठी दाने एकीकडे; मला थांबवतात ती छोटी. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे चौसोपी धर्मशाळा. विहिरी, तळी, बागा. पारदा, दमण, तापी, डहाणुका अशा नद्यांवर फुकट नावा, आणि काठावर थांबायला निवारे. परमुलखातून आलेल्या, शक नावाने ओळखल्या जाणाऱ्या सत्तेने कोकणपट्टीत पाय रोवले ते असे : जिथे पाणी आडवे येते तिथे नाव ठेवून. तेच नावाडी, तेच धर्मशाळेचे चिरे पुढच्या राजाला आयते मिळाले. आणि गोवर्धनजवळचे एक शेत तर उषवदाताने अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापण मोजून विकत घेतले, भिक्षूंच्या अन्नासाठी. राज्यकर्त्याच्या घरातल्या माणसाला हवे ते शेत काढून घेता आले असते. त्याने पैसे मोजले आणि मोजल्याचे कोरून ठेवले. जमिनीचा मालक कोण, हे राजापेक्षा जुने असते याची कबुली त्या ओळीत आहे.

आता लेणे ३ आणि लेणे १० यांच्या ओसऱ्या एकापाठोपाठ एक पाहा. शक्यतो सकाळी, ऊन आत येते तेव्हा. गौतमीपुत्राच्या घराण्याचे लेणे हे हरवलेल्या शत्रूच्या लेण्याच्या नमुन्यावर कोरलेले आहे. तोच चौरस दालनाचा आराखडा, तिन्ही बाजूंना खोल्या, दर्शनी खांबांची तीच मांडणी, खांबांच्या माथ्यावर प्राणी. मागच्या भिंतीत स्तूपाचे उठावचित्र दोन्हीकडे होते. लेणे १० मधला स्तूप पुढे कोणीतरी तासून त्याचा भैरव केला, ती गोष्ट वेगळी. फरक केला तो इतकाच, की लेणे ३ मध्ये खोल्या १६ च्या १८ झाल्या, आणि ओसरीचा भार वाहायला जमिनीतून अर्धे वर आलेले सहा धिप्पाड यक्ष बसवले. स्पर्धा होती आणि ती शत्रूने आखलेल्या मैदानात खेळली गेली. विहार कसा असावा, राजाने दान कसे द्यावे, लेख कुठे आणि कोणत्या शब्दांत कोरावा, याचा धडा डोंगरावर आधीच कोरलेला होता. बलश्रीच्या पाथरवटांनी तो गिरवला. कदाचित हात तेच होते, किंवा त्या हातांचे पुत्र.

याच ओसरीत दोन राजाज्ञा आहेत. माझ्या मते साऱ्या पुस्तकाचा कणा त्या आहेत, म्हणून इथे थोडे रेंगाळतो.

पहिली गौतमीपुत्राच्या १८ व्या वर्षाची. विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला आज्ञा जाते : आजवर उषवदाताने उपभोगलेले २०० निवर्तने (निवर्तन हे जमिनीचे जुने माप) शेत आता त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना द्या. शत्रूचे शेत हाती येताच राजाने ते स्वतःकडे ठेवले नाही, शत्रू ज्यांना देत आला त्यांनाच दिले. शिवाय सवलती : त्या शेतात राजपुरुषांनी शिरायचे नाही, त्याला हात लावायचा नाही, मिठासाठी तिथे खणायचे नाही. म्हणजे सर्वसाधारण शेतात राजाचे अधिकारी शिरत, हात लावत आणि मीठ खणत. सवलतींची यादी वाचावी आणि उलटी करावी, मग गावकऱ्याला राज्य कसे भेटत होते ते कळते.

दुसरी आज्ञा २४ व्या वर्षाची, राजा आणि राजमाता यांच्या नावाने, अमात्य श्यामकाला. कखडी गावातले जे शेत आम्ही आधी दिले, ते कसले जात नाही आणि गावात वस्तीही नाही. म्हणून आता नगराच्या सीमेवरच्या आमच्या राजकीय शेतातून १०० निवर्तने द्या. या एका वाक्यात युद्धानंतरचे नाशिक उभे राहते. गाव ओस पडले आहे. नांगर धरायला माणूस नाही. राजाने दिलेले दान कागदोपत्री भरघोस आणि प्रत्यक्षात पडीक. भिक्षूंनी गाऱ्हाणे घातले असणार, आणि राजाला ऐकावे लागले. का ऐकावे लागले? कारण पहिली आज्ञा दगडावर होती. ओसरीत येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्यासमोरून जात होता. तोंडी शब्द फिरवता येतो, फळीवरची नोंद हरवता येते. कातळावरची ओळ मात्र अशी जागच्या जागी उभी राहते की ती पाळा किंवा तिच्याखाली दुसरी ओळ कोरा. राजाने दुसरी ओळ कोरली. शेत निम्मे झाले, पण नांगरटीचे मिळाले.

राजाने दगडाकडून आपले नाव टिकवून घेतले आणि दगडाने राजाकडून त्याचा शब्द. वस्तू सत्तेला आकार देतात म्हणजे काय, असे मला कोणी विचारले की मी या भिंतीकडे बोट दाखवतो. पुळुमावीच्या काळातही हेच चालू राहिले. त्याने १९ व्या वर्षी दिलेले एक गाव २२ व्या वर्षी बदलून दुसरे दिले, आणि तो बदलही तिथेच कोरवला.

कार्ल्यालाही हाच क्रम दिसतो. वलूरक म्हणजे कार्ले येथील भिक्षूंना उषवदाताने करजिक गाव दिले. पुढे सातवाहनांच्या काळी त्याच गावाविषयी त्याच भिक्षूंसाठी मामालच्या अमात्याला पुन्हा आज्ञा गेली. मामाल म्हणजे आपले मावळ. राजे बदलले, गाव त्याच वाटेने जात राहिले. पण कार्ले मला आणखी एका कारणासाठी हवे आहे. तिथले चैत्यगृह राजाने खोदलेले नाही. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने ते पुरे केले आणि जंबुद्वीपात उत्तम असे म्हणून आपला अभिमान दारात कोरला. सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा. आतले खांब धेनुकाकटच्या लोकांचे. त्यांत स्वतःला यवन म्हणवणारे बरेच. एकेक खांब एकेका दात्याचा, आणि सगळे खांब मिळून एक छत. कमानीच्या लाकडी फासळ्या आजही मूळच्याच आहेत. साम्राज्य या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर एक सिंहासन येते. दख्खनमधले साम्राज्य मला तरी कार्ल्याच्या दालनासारखे वाटते. राजाचा त्यात खांब असेल, नसेल, पण तो आला तरी भूतपालाच्या छताखालीच उभा राहणार.

लेणी डोंगरात का, आणि याच डोंगरांत का? दा. ध. कोसंबी यांनी पायी हिंडून दाखवून दिले की ती घाटवाटांच्या तोंडाशी आहेत, व्यापाराच्या मार्गावर. याची खात्री पटवायला नाणेघाटाइतकी दुसरी जागा नाही. जुन्नरहून घाटमाथ्यावर यावे, खाली वैशाखरे आणि कोकण. पावसाळ्यात ढग खालून वर चढतात आणि वाटेची फरसबंदी पाण्याखाली जाते. तोंडाशीच एक ओबडधोबड दालन. त्याच्या डाव्या-उजव्या भिंतींवर दहा-दहा ओळींचा लेख, सातकर्णीची राणी नागनिका हिचा, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा. प्रारंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना वंदन. मग यज्ञांची जंत्री, त्यात अश्वमेध दोनदा. आणि दक्षिणेचे आकडे : गायी, घोडे, हत्ती, कार्षापण. भारतातल्या फार जुन्या अंकलेखनाचे नमुने या भिंतींवर आहेत, हे विसरून चालणार नाही. देशातल्या अंकांचा एवढा जुना पुरावा मिळतो कुठे, तर जकातीच्या वाटेवर.

मागच्या भिंतीत मूर्ती होत्या. वर नावे कोरलेली : सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, कुमार, महारठी त्रणकयिर, कुमार हकुश्री, कुमार सातवाहन. एका राजकुळाचे हे आपल्याकडचे सर्वांत जुने मूर्तिदालन. मूर्ती गेल्या. पावले राहिली. नाव वर आणि खाली पाऊल. मध्ये ओली भिंत. बैलांचे तांडे घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला ब्राह्मी वाचता येत असो वा नसो, इथे टेकताना त्याच्यासमोर पूर्ण उंचीचे राजकुटुंब उभे असे, राणीसुद्धा, आणि राणीच्या माहेरचा महारठीसुद्धा. या वाटेवर कोणाचे चालते, हे त्याला विचारावे लागत नव्हते. बाहेर कातळाचा मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे जुन्नरचे लोक सांगतात, आणि घाटाचे नावही तेच सांगते.

ही वाट कुणाच्या हाती, यावर समुद्रातली जहाजे वळत. 'पेरिप्लस' म्हणतो, थोरल्या सरगनसच्या काळी कल्याण हे रीतसर बंदर झाले. पण पुढे सँडेनीसच्या हाती गेल्यावर तिथे अडथळे आले, आणि चुकून आलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाई. एका बंदराचे दार लावले की कल्याणपासून नाणेघाटातून पैठण-तेरपर्यंतची वाट सुकते. पैठणहून भडोचला माल पोचायला वीस दिवस लागत, गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून. त्यांत गोमेद दगड आणि कापड. तिकडून उलट येई काय? राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुले, उंची मद्य. आणि बाजारासाठी तांबे, कथील, शिसे. हिंदुस्थानात शिसे नाही, असे रोमन लेखक प्लिनी लिहितो. सातवाहनांच्या खेड्यातल्या बाजारात भाजीच्या बदल्यात फिरणारे शिशाचे नाणे भडोचच्या धक्क्याशी असे बांधलेले होते. राजाने घोड्यांना तीन समुद्रांचे पाणी पाजले हे खरे मानले, तरी नाण्याचा धातू कुठल्या जहाजातून उतरतो, ते त्याच्या हाती पूर्णपणे कधीच नव्हते.

काही वाचक विचारतील, की हे सारे नाशिक-जुन्नरपुरतेच का? तसे नाही. गिरनारच्या पायथ्याशी, जुनागढला, एक खडक आहे. त्यावर अशोकाच्या आज्ञा, त्यावरच इसवी सन १५० मधला शक क्षत्रप रुद्रदाम्याचा लेख, आणि पुढे स्कंदगुप्ताचा. तिघांना एकत्र बांधणारी वस्तू म्हणजे सुदर्शन तळ्याचा बांध. चंद्रगुप्त मौर्याच्या अधिकाऱ्याने बांधला, अशोकाच्या काळी कालवे निघाले, रुद्रदाम्याच्या काळी वादळात ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल भगदाड पडले. मंत्र्यांनी हात टेकले, लोकांनी हंबरडा फोडला, आणि राजाने वेठबिगार न लावता, जादा कर न घेता स्वतःच्या खजिन्यातून तो दुरुस्त केला, असे तो अभिमानाने सांगतो. फुटलेला बांध राजाला कामाला लावतो. त्याच लेखात तो म्हणतो की दक्षिणापथपती सातकर्णीला आपण दोनदा जिंकले, पण जवळच्या नात्यामुळे उखडले नाही. त्या नात्याचा उल्लेख मिळतो कान्हेरीच्या एका पाण्याच्या टाक्यावरच्या लेखात : वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी महाक्षत्रपाची मुलगी होती. दोन साम्राज्यांच्या सोयरिकीची पत्रिका अशी डोंगरातल्या टाक्याने जपली.

सोयरीक झाली, युद्धेही झाली, आणि सातवाहनांनी अखेर स्वतःची चांदीची नाणी काढली. पुळुमावी, वासिष्ठीपुत्र सातकर्णी, यज्ञ सातकर्णी. त्यांवर काय आहे? राजाचा चेहरा, क्षत्रपांच्या धाटणीत, तेच वजन. एका बाजूला प्राकृत, दुसऱ्या बाजूला द्राविडी वळणाची भाषा, एवढे नवे. गौतमीपुत्राने ज्या चेहऱ्यावर डोंगर मारला, त्याच चेहऱ्याच्या जागी त्याच्या वंशजांनी आपले चेहरे बसवले. यज्ञ सातकर्णीचे असे एक नाणे सोपाऱ्याच्या स्तूपात पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली मिळाले.

या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने भगवानलाल आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे ऋण मानावे. मिराशींनी हे कोरीव लेख मराठीत आणले, म्हणून माझ्यासारख्याला ते आपल्या भाषेत वाचता आले. माझे वाचन त्यांच्या वाचनावर उभे आहे. भर घातली असेल तर ती पायाने, लेण्यांच्या पायऱ्या चढून, आणि हाताने, खांबांवरून हात फिरवून.

चांदीच्या त्या लहान नाण्याचे पुढे काय झाले, ते शेवटच्या प्रकरणात सविस्तर येईल. इथे थोडक्यात. क्षत्रपांनी ते चौथ्या शतकाच्या अखेरपर्यंत चालवले. गुप्तांनी पश्चिम भारत जिंकला आणि त्याच धर्तीची चांदी पाडली. कोकण-नाशिकच्या त्रैकूटकांनी तेच केले. सहाव्या शतकात कलचुरी कृष्णराजाने तसेच लहान रुपे काढले, एका बाजूला चेहरा, दुसऱ्या बाजूला नंदी. आणि इसवी सन ७१० मध्ये, कृष्णराज जाऊन सव्वाशे-दीडशे वर्षे झाली असताना, भोगशक्तीच्या ताम्रपटांत आकारणी सांगितली आहे ती कृष्णराज रुपयांत. ते ताम्रपट अंजनेरीला सापडले. नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्याने जाताना डाव्या हाताला जो डोंगर लागतो, तोच.